तारेचा रंग नाही, अक्षर बघा

प्रश्न : दादा, आमच्याकडे हीटिंग आणि कूलिंग दोन्ही भिंतीवरच्या एकाच जुन्या थर्मोस्टॅटवर चालतं. तो काढून वायफायवाला स्मार्ट थर्मोस्टॅट आणलाय. व्हिडिओत एकदम सोपं दिसतं पण बाबा म्हणतात विजेचं काम आहे, हात लावू नकोस. कव्हर काढून बघितलं तर बारीक चार तारा आहेत, लाल, पांढरी, पिवळी, हिरवी. नव्याला सतत वीज मिळायला सी वायर लागते म्हणे, ती तर कुठे दिसतच नाही. मी स्वतः बसवू का?

उत्तर : बाबांची काळजी खरी आहे, त्यांना गप्प करू नका. तुमच्या चार बारीक तारा बघता हा 24 व्होल्टचा प्रकार वाटतो आणि तसं असेल तर भिंतीवरचं काम तुम्ही करू शकता, पण आधी जुन्या थर्मोस्टॅटवर काय छापलंय ते नीट वाचा. 120, 230 किंवा 240 व्होल्ट लिहिलेलं असेल किंवा मागे जाड तारा प्लास्टिकच्या टोप्या घालून जोडलेल्या असतील तर तिथेच थांबा आणि कव्हर परत लावा. ती थेट मेनची लाइन आहे, 24 व्होल्टचा स्मार्ट थर्मोस्टॅट तिला जोडला तर तो जळेल, आगही लागू शकते आणि तुम्हाला शॉक बसला तर जिवावर बेतेल.

24 व्होल्टचाच आहे हे पक्कं झालं की मग ब्रेकर बंद करा, आणि एकच बंद करून मोकळे होऊ नका कारण आतल्या युनिटचा आणि बाहेरच्या युनिटचा ब्रेकर बऱ्याचदा वेगवेगळा असतो. बंद झालं का ते जुन्याच्या डिस्प्लेवरून ठरवू नका, त्यात सेल असले तर ब्रेकर पाडल्यावरही आकडे दिसत राहतात. तापमान वरखाली करून काही सुरू होतंय का बघा आणि मल्टिमीटरने आर (24 व्होल्ट जिथून येतात ते टर्मिनल, म्हणजे तार जोडायची जागा) आणि बाकीच्या टर्मिनलमध्ये व्होल्टेज शून्य आहे का तपासा. तार लांबूनच तपासणारा पेनसारखा टेस्टर मेनच्या लाइनला ठीक आहे, पण 24 व्होल्टला तो बहुतेक वेळा पेटतच नाही, त्यामुळे तो गप्प बसला म्हणून खात्री धरू नका. 24 व्होल्टने माणसाला सहसा काही होत नाही हे खरं, पण चालू असताना आर ची तार चुकून सी ला, म्हणजे करंट परत नेणाऱ्या कॉमन तारेला, टेकली तर युनिटमधल्या बोर्डावरचा 3 किंवा 5 अँपिअरचा फ्यूज उडतो, आणि जुन्या सिस्टीममध्ये फ्यूजच नसला तर ट्रान्सफॉर्मर जातो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एकही तार सोडवायच्या आधी फोटो काढा आणि प्रत्येक तारेला ती ज्या अक्षराच्या टर्मिनलला आहे त्या अक्षराचं स्टिकर लावा. रंगावर जाऊ नका. लाल आर ला, पांढरी हीटिंगच्या डब्ल्यू ला, पिवळी कूलिंगच्या वाय ला आणि हिरवी फॅनच्या जी ला ही पद्धत आहे, पण ती पाळायची सक्ती कोणावर नाही, ज्याने तुमच्या घराचं वायरिंग केलं त्याच्या हाताला जी तार लागली ती त्याने जोडलेली असू शकते. निळी दिसली की लोक डोळे झाकून सी ला लावतात, तीच तार आधी ओ किंवा बी ला असली तर ते हीट पंपचं, म्हणजे एकाच यंत्राने गरम आणि थंड दोन्ही करणाऱ्या सिस्टीमचं, लक्षण आहे, तिथे सेटिंग चुकलं की गरम मागितलं तर थंड येतं. आणि सोडवलेल्या तारा पेन्सिलीला गुंडाळून ठेवा, नाहीतर भोकातून भिंतीत घसरतात.

सी वायरचं म्हणाल तर भिंतीतली केबल हलकेच थोडी बाहेर ओढून बघा, न वापरलेली पाचवी तार मागे गुंडाळून ठेवलेली सापडते कधीकधी. सापडली तर तिचं दुसरं टोक युनिटच्या बोर्डावर सी ला जोडावं लागतं. नाही सापडली तर काही थर्मोस्टॅटबरोबर अॅडॉप्टर येतो, तोही तिथेच आत बसतो. सी शिवाय चालतो असं सांगणारे थर्मोस्टॅट हीटिंग-कूलिंगच्याच तारांतून थोडा करंट घेत राहतात, काही घरांत ते निभावतं, काही घरांत बॅटरी उतरत जाते आणि ऐन गरजेला डिस्प्ले बंद पडतो, म्हणून मी सी जोडून घ्याच म्हणेन. पण युनिटच्या झाकणाआड मेनचा करंट असतो, तेव्हा तेवढं काम टेक्निशियनकडून करून घ्या, मला वाटतं बाबाही एवढ्यावर राजी होतील.

नवा लावताना भिंतीतलं भोक बुजवा, नाहीतर आतून येणाऱ्या हवेने सेन्सर चुकीचं तापमान दाखवतो. कूलिंग लावल्यावर लगेच सुरू झालं नाही तर सारखी बटणं दाबू नका, कॉम्प्रेसर जपायला साधारण पाच मिनिटांचा थांबा ठेवलेला असतो. कडाक्याच्या थंडीत हे काम काढू नका, काही अडलं तर रात्रभर घर गार पडेल. आणि जुना लगेच फेकू नका, चार दिवस नवा नीट चालतोय बघा, मग जुन्याच्या आत काचेच्या नळीत चकाकणारा थेंब दिसतोय का बघा, तो पारा असतो, तसा असेल तर न फोडता पिशवीत घालून घातक कचरा जिथे घेतात तिथेच द्या.