रंगाचा वास जातो, प्लायचा राहतो

रंगकाम आणि नवी कपाटं झालेल्या घरात लगेच राहायला जायची घाई करू नका, एवढं आधी सांगतो. जुळे सोलापुरात आमच्या घराचं काम झालं तेव्हा वास मारायला मीही अगरबत्त्या लावत बसलो होतो. घरात धूर तेवढा वाढला.

रंगाचा वास लवकर ओसरतो, खरा त्रास प्लायच्या कपाटांचा. त्यातल्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड हा डोळे-घसा चुरचुरवणारा वायू महिनोन्महिने सुटत राहतो, आणि उष्णतेनं जास्तच. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर, म्हणजे बघा! कपाटांची दारं, ड्रॉवर सताड उघडे टाका. पहाटे आणि रात्री समोरासमोरच्या खिडक्या उघडा, एकीत टेबल फॅन बाहेर तोंड करून लावा. आतल्या बाजूला प्लायची कड उघडी दिसली तर सुताराकडून पट्टी मारून घ्या.

कोरडा झाडू नको. पीओपी घासल्याची पिठासारखी धूळ उडून परत पंख्याच्या पात्यांवर बसते. जुना सोलापुरी टॉवेल भिजवून, घट्ट पिळून पुसा. एसीची जाळी धुवा. हवेचा प्युरिफायर घ्यायचाच तर ॲक्टिव्हेटेड कार्बनवाला, म्हणजे वायू शोषणाऱ्या कोळशाचा. नुसता हेपा फिल्टर धूळ धरतो, वायू नाही. मनी प्लांट हौसेनं लावा, पण त्याच्या भरवशावर खिडक्या बंद ठेवू नका.