तारखेला सोबत कोण?

प्रश्न : आमच्या सातपूरच्या वसाहतीतील, बिहारहून आलेल्या मजुराचा सोळा वर्षांचा मुलगा चोरीच्या प्रकरणात बाल न्याय मंडळासमोर आहे. निवृत्त शिक्षिका म्हणून मी त्याच्यासाठी काय करू शकते?

उत्तर : ताई, प्रथम परिविक्षा अधिकाऱ्यांना (प्रोबेशन ऑफिसरना) भेटा, कारण मुलाच्या घरची परिस्थिती त्यांच्या अहवालातून मंडळापुढे जाते आणि रोज बुडवून तेथे पोहोचणे वडिलांना बहुधा जमत नाही. तारखेला मंडळाबाहेरच्या बाकावर त्याच्या शेजारी बसा, मराठीत झालेले बोलणे त्याला हिंदीत समजावून सांगा. गुन्ह्याविषयी खोदून विचारू नका. गावाकडच्या शाळेचा दाखला मिळवण्याच्या मागे लागा. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार त्याची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे; वसाहतीतही त्याचे नाव चर्चेत येऊ देऊ नका, ही कळकळीची विनंती.