एका तक्रारीवर माल गायब, मग सरकार काय करतंय?

प्रश्न : मी स्वतः डिझाइन केलेली पोस्टर्स ऑनलाइन विकतो. कुणीतरी कॉपीराइटची तक्रार ठोकली आणि प्लॅटफॉर्मने मला न विचारता लिस्टिंग उडवलं. ना कोर्ट ना सुनावणी. त्यापेक्षा ऑनलाइन विक्री सरळ सरकारनेच ताब्यात घेतलेली बरी नाही का?

उत्तर : राग बरोबर आहे, पण उपाय नाही पटला. प्लॅटफॉर्म असं वागतो कारण कायद्यानेच त्याला तशी सवय लावलीय. अमेरिकेचा 1998 चा डीएमसीए हा ऑनलाइन कॉपीराइटचा कायदा बघा, बरेच मोठे प्लॅटफॉर्म त्याच पद्धतीने चालतात. तक्रार आली की माल लगेच काढला तर प्लॅटफॉर्म सुटला, ठेवला तर भरपाईच्या दाव्यात अडकू शकतो, मग तुमच्यासाठी कोण कशाला रिस्क घेईल?

खरी मेख तक्रारीच्या फॉर्ममध्ये आहे. तक्रार करणाऱ्याने शपथेवर एवढंच सांगायचं की मालकाच्या वतीने बोलायचा मला अधिकार आहे. माल चोरीचा आहे हे मात्र शपथेवर नाही, तिथे 'माझी प्रामाणिक समजूत' चालून जाते. आणि तुम्ही काउंटर नोटीस, म्हणजे त्या तक्रारीला लेखी उत्तर, द्यायला गेलात की चुकून हटवलंय ही समजूतसुद्धा शपथेवर लिहायची, वर नाव, पत्ता, फोन द्यायचा, कोर्टाचं अधिकारक्षेत्रही मान्य करायचं! हा कुठला न्याय? तरी भरा तो फॉर्म, कारण समोरचा कोर्टात गेला नाही तर 10 ते 14 कामकाजाच्या दिवसांत माल परत लागायला हवा.

सरकारी ताब्याचं म्हणाल तर अमेरिकेत 'सोपा' (SOPA) नावाचं ऑनलाइन पायरसी रोखायचं विधेयक आलं होतं, त्यात परदेशी साइटच्या साइट बंद पाडायची सोय होती. 18 जानेवारी 2012 ला इंग्रजी विकिपीडियाने निषेध म्हणून दिवसभर पानं काळी केली आणि ते बारगळलं, बरंच झालं. सरकारने माल खरा की खोटा ठरवू नये, नियम नीट घालावेत. युरोपच्या डिजिटल सर्व्हिसेस ॲक्टमध्ये माल हटवला तर कारण कळवावं लागतं आणि वारंवार उघड बिनबुडाच्या तक्रारी करणाऱ्याच्या तक्रारी काही काळ घेणंच थांबवायचं असतं. मला हे कलम सगळ्यात आवडलं.

तुम्ही आधी ईमेल नीट वाचा, तक्रार कॉपीराइटची आहे की ट्रेडमार्कची (म्हणजे ब्रँडच्या नावाची किंवा लोगोची), कारण ट्रेडमार्कला ही काउंटर नोटीसची सोय लागूच होत नाही, तिथे प्लॅटफॉर्मच्या मर्जीवर. कॉपीराइटचीच असेल तर डिझाइनच्या मूळ फाइली तारखेसकट काढून ठेवा.