युनिट टेस्टचं कव्हरेज ९२% आहे तरी बग येतात, म्युटेशन टेस्टिंग करून बघावं का?

करून बघाच (कव्हरेज फक्त टेस्ट चालताना किती कोड चालला ते सांगतं, चूक पकडली जाते का ते नाही), पण पूर्ण प्रोजेक्टवर एकदम लावू नका, मी तेच केलं आणि पस्तावलो.

आमचं सोसायट्यांच्या मेंटेनन्स बिलिंगचं सॉफ्टवेअर आहे (पुण्यात सोसायट्यांना आणि त्यातल्या भांडणांना काय तोटा!), जावामध्ये. मेव्हनमध्ये (जावाचं बिल्ड टूल) पिटेस्ट हे म्युटेशन टेस्टिंगचं टूल टाकलं, जेयुनिट ५ ला (ज्यात आमच्या टेस्ट लिहिल्यात) वेगळं प्लगइन लागतं हे माहीत नव्हतं त्यामुळे आधी त्याला एकही टेस्ट सापडेना, ते निस्तरलं आणि सगळ्या कोडवर रन लावून जेवायला गेलो. जेवून आलो, हिंजवडीच्या टपरीवर चहा पण झाला, तरी चालूच. कसं असतं, हे टूल तुमच्या कोडमध्ये मुद्दाम बारीक बिघाड करतं, > चं >=, अधिकचं वजा वगैरे, आणि दर बिघाडाला त्या ओळीवरून जाणाऱ्या टेस्ट परत चालवतं. एखादी फेल झाली तर म्युटंट (म्हणजे तो बिघडवलेला कोड) मेला, सगळ्या पास झाल्या तर तो जगला, म्हणजे तिथे तुमच्या टेस्ट झोपल्यात.

मग फक्त व्याज आकारणीचं पॅकेज घेतलं. १५ दिवस उलटले की व्याज, कोडमध्ये दिवस > १५, आणि आमच्या टेस्ट १० आणि २० दिवसांच्या. त्यानं >= केलं तरी सगळं हिरवंगार! उद्या कोणी खरंच असा बदल केला असता तर बरोब्बर पंधराव्या दिवशी चेक देणाऱ्या काकांना व्याज लागलं असतं आणि मग जनरल बॉडीत काय झालं असतं ते सांगायला नको. कव्हरेज त्या ओळीला १००% होतं बरं का. दुसरीकडे तर एसएमएस पाठवायची ओळच उडवली तरी टेस्ट पास, कारण मेथड नुसती कॉल केलेली, असर्ट (निकाल बरोबर आला का हे तपासणारी ओळ) एकही नाही. टेस्ट मीच लिहिलेली :)

सगळे म्युटंट मारायच्या नादी मात्र लागू नका. सगळ्यात मोठी थकबाकी शोधणाऱ्या लूपमध्ये > चं >= केलं तरी आकडा तोच येतो, तो कुठल्याच टेस्टनं मरणार नाही, मी अर्धा दिवस घालवला त्यात. आणि स्कोअर (किती टक्के म्युटंट मेले तो आकडा) मॅनेजरला सांगू नका, पुढच्या महिन्यात ते टार्गेट होतं.

आम्ही आता रात्री एकदा चालवतो, तेही दोनच पॅकेजवर. तुमची भाषा तुम्ही लिहिली नाहीये, पायथन असेल तर म्युटमट बघा, जावास्क्रिप्ट किंवा सी शार्प असेल तर स्ट्रायकर.