नववीत असताना शाळेच्या इंटरॅक्ट क्लबमध्ये जावे का?

तुझ्या शाळेत रोटरी या समाजसेवी संघटनेच्या पाठबळावर चालणारा इंटरॅक्ट क्लब, म्हणजे विद्यार्थ्यांचा सेवा-क्लब, आहे, तुला त्यात जायचे आहे, पण पुढच्या वर्षी दहावी असल्यामुळे घरचे नको म्हणतात, असा तुझा प्रश्न आहे. मी शिक्षक आहे आणि आमच्या शाळेतील अशा क्लबचे काम जवळून पाहत आलो आहे. माझे मत विचारशील तर जरूर जा. मात्र तो क्लब खरोखर मुले चालवतात का, हे आधी पाहून घे.

इंटरॅक्टची सुरुवात १९६२ साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातल्या एका हायस्कुलात झाली. १२ ते १८ वयोगटातील मुलांनी आपल्यातूनच अध्यक्ष, सचिव, खजिनदार निवडावेत आणि वर्षाला किमान दोन उपक्रम करावेत, एक शाळेसाठी किंवा गावासाठी आणि दुसरा आंतरराष्ट्रीय सामंजस्यासाठी, अशी त्याची रचना आहे. (हा दुसरा उपक्रम पुष्कळदा देशोदेशीच्या झेंड्यांचा तक्ता रंगवून उरकला जातो, ही गोष्ट वेगळी.) एनसीसी किंवा स्काउट-गाइडसारखा ठरावीक अभ्यासक्रम येथे नसतो. त्यामुळे मुलांनी काही ठरवले नाही, तर मोठी माणसे ठरवतात, आणि मग वर्षभराचे काम म्हणजे पाहुण्यांच्या हस्ते वृक्षारोपण आणि त्याचा फोटो एवढेच उरते.

म्हणून नाव नोंदवण्यापूर्वी क्लबच्या एखाद्या सभेला जाऊन बस. इतिवृत्त विद्यार्थी सचिव लिहितो की सर सांगतात ते उतरवून घेतो, जमाखर्चाची वही कोणाकडे असते आणि एखाद्या मुलीने हरकत घेतली तर चर्चा थांबते की पुढे सरकते, एवढे पाहिलेस तरी पुरे.

आमच्याकडील मुलांनी वार्षिक परीक्षेनंतर जुन्या वह्यांतील कोरी पाने काढून नव्या वह्या बांधण्याचे ठरवले. जिल्हा परिषदेच्या शाळांत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तके मोफत मिळतात, वह्या मात्र पालकांनाच घ्याव्या लागतात, हे त्यामागचे कारण. पाने फाडायला बसण्याआधी दोघी मुली जवळच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापिकाबाईंना भेटल्या, तेव्हा एकरेघी वह्या तेथे भरपूर असून पहिली-दुसरीच्या मुलांना दुरेघी आणि गणितासाठी चौकटीच्या वह्या कमी पडतात, असे कळले. मग वर्गावर्गांतून त्याच वह्या मागवल्या गेल्या. पिना उपसणे, पाने जुळवणे, दाभणाने भोके पाडून दोरा ओवणे ही कामे मुलांनी केली, आणि पुठ्ठ्यांचा खर्च खजिनदाराने पावतीसह मांडला. ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांना आधी विचारावे, हे त्या मुलींना कोणी शिकवले नव्हते.

दहावीबद्दल घरच्यांना वाटणारी काळजी अनाठायी नाही. सभासद म्हणून लागणारा वेळ बेताचा असतो. अध्यक्षाचा आणि सचिवाचा मात्र पुष्कळ जातो, कारण परवानग्या, पत्रे आणि हिशेब त्यांच्याच गळ्यात पडतात. तेव्हा पद घ्यायचे असेल तर यंदाच घे आणि दहावीत साधा सभासद राहा. बोर्डाचे गुण वाढतील अशी अपेक्षा ठेवू नकोस आणि घरीही तसे सांगू नकोस. रोटरीचे वर्ष १ जुलैला सुरू होते, त्यामुळे पदाधिकाऱ्यांची निवड बहुधा त्याच सुमारास होते; शाळा सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यातच समन्वयक शिक्षकांना भेट.