अक्यूज, ब्लेम, इम्पीच हे आरोपाचे इंग्रजी शब्द लॅटिनमधून आलेत का?

हो, बरेचसे तिकडूनच. अक्यूज म्हणजे लॅटिन अक्कूसारे, त्यात काउसा आहे, म्हणजे कारण किंवा खटला, थोडक्यात एखाद्याला जाब विचारणं. मला सगळ्यात भारी वाटतो इम्पीच, म्हणजे महाभियोग चालवणं, मूळ इम्पेडिकारे म्हणजे पायात बेडी अडकवणं, पेडिका म्हणजे बेडी ना, त्यावरून. ब्लेम आणि ब्लास्फेमी (ईश्वरनिंदा) तर सख्खी भावंडं, फक्त ब्लेम फ्रेंचमधून घासून गुळगुळीत होऊन आला. क्राइमचं मूळ क्रीमेन, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ आरोपसुद्धा होतो! आणि सदाशिव पेठेत आमच्या अभ्यासिकेत लॉची पोरं indict (म्हणजे रीतसर आरोप ठेवणं) हा शब्द 'इंडिक्ट' असा वाचतात तेव्हा मी लगेच सांगते, अरे उच्चार इंडाइट आहे, तो सी फक्त लॅटिन डिक्टारेची आठवण म्हणून स्पेलिंगमध्ये नंतर घुसवलाय.