फिडल, व्हायोलिन की सारंगी?

प्रश्न असा आहे : फोक मेटलच्या, म्हणजे हेवी मेटल रॉकमध्ये लोकधुना मिसळणाऱ्या बँडबद्दल वाचताना एकाच वादकाला कुठे ‘फिडलर’ म्हटलेलं असतं, कुठे ‘व्हायोलिनिस्ट’. ही वाद्यं दोन आहेत का? मराठीत काय लिहावं? सरळ ‘सारंगी’ चालेल का?

वाद्य एकच. त्याच चार तारा, तोच गज. ‘फिडल’ हा इंग्रजीतला जुना शब्द. ‘व्हायोलिन’ सोळाव्या शतकात इटालियन ‘व्हायोलिनो’वरून, म्हणजे ‘धाकटा व्हायोला’ या अर्थाच्या शब्दावरून आला. नवा शब्द मैफलीच्या दालनात शिरला आणि जुना गुत्त्यात, जत्रेत, लग्नाच्या नाचात राहिला. पुढे ‘फिडल’ला हिशेबातल्या घोळाचाही अर्थ चिकटला, त्यावरून त्याची पत कळावी. काही लोकवादक तारा जिच्यावर टेकतात ती घोडी जराशी सपाट करून घेतात, म्हणजे दोन तारांवर एकदम गज फिरवणं सोपं जातं. बाकी सगळा फरक वाजवण्याच्या ढंगाचा.

फोक मेटलची गंमत याच ढंगात आहे. गिटारला डिस्टॉर्शन लावलं, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका केला, की एकदम छेडलेल्या तीन सुरांचा कॉर्ड गढूळ वाजतो. गंधाराने तर फारच चिखल होतो. म्हणून मेटलवाले पॉवर कॉर्ड वाजवतात, म्हणजे षड्ज आणि पंचम, बस्स. आपल्या कानाला हे परकं वाटू नये, तो एक चिडलेला तंबोराच असतो. गंधार कोमल की शुद्ध हे गिटार सांगतच नाही, ते वरचं व्हायोलिन ठरवतं. युरोपातल्या कितीतरी लोकधुना बॅगपाइपच्या अखंड सुरावर वाढलेल्या असल्यामुळे या सा-पवर त्या आयत्या बसतात. ठेक्याचंही तेच. थ्रॅश या वेगवान मेटलमधला ड्रमचा धडाधड चालणारा किक-स्नेअर आणि पोल्काचा दोन मात्रांचा ठेका यांची बैठक एकच, वेग आणि मार तेवढा वेगळा. फिनलंडच्या कोर्पिक्लानी या बँडची गाणी ऐका : पोल्कासारख्या फिनिश हुंपा नाचाची चाल कुठे संपली आणि मेटल कुठे सुरू झालं, सांधा सापडत नाही. व्हायोलिन तिथे शोभेला नसतं, धून त्याच्याच हातात असते. इंग्लंडमधल्या न्यूकासलच्या स्कायक्लॅड या बँडचा पहिला अल्बम १९९१चा, फोक मेटलची सुरुवात बरेच जण तिथून धरतात.

उलट ऑर्केस्ट्राची साथ घेणाऱ्या सिंफनिक मेटलमध्ये व्हायोलिनांचा ताफा मागे लांबलचक सूर धरून बसतो. त्याला कुणी इंग्रज ‘फिडल’ म्हणणार नाही. म्हणजे शब्दाची निवड वाद्यावर नाही, वाद्याच्या कामावर ठरते.

पण हा भेद मुळात इंग्रजीचा. कोर्पिक्लानीच्या फिनिशमध्ये नाचातलं असो की ऑर्केस्ट्रातलं, ‘व्हिउलु’च. जर्मन माणूस दोन्हीला ‘गाइगे’ म्हणतो. आपल्याजवळ बघा : गोव्यात कोकणीत त्याचं नाव ‘रेबेक’, पोर्तुगीज ‘रबेका’वरून आलेलं, चर्चमध्ये वाजो की मांडो या गोव्याच्या गाण्याच्या साथीला. तमिळमध्ये तर गंमतच आहे, तिथे ‘पिडिल’ म्हणजे कर्नाटक संगीताच्या मैफलीतलं भारदस्त व्हायोलिन. शब्द तोच, पण इंग्रजीतली उतरंड पार पुसलेली. मराठीत ‘फिडल’ म्हटल्यावर कुणाच्या डोळ्यांपुढे गुत्ता येत नाही, जत्राही येत नाही. मग हा शब्द मुद्दाम आणून हाती काय लागणार? माझं मत : ‘व्हायोलिन’ लिहावं, नपुंसकलिंगी, आणि ढंग सांगायचा असेल तर तो वाक्यात सांगावा. ‘लोकधुनेच्या ढंगाचं व्हायोलिन’ कुणालाही समजतं.

सारंगी मात्र नको. ती उभी धरतात, तारा नखांच्या मुळाशी अडवून मींड काढतात आणि खाली तरफांचं, म्हणजे आपोआप गुंजणाऱ्या तारांचं जाळं असतं. नॉर्वेच्या हार्डांगर फिडलला मुख्य तारांखाली चार-पाच तरफा असतात हे खरं, म्हणून तेवढ्यापुरती सारंगीची आठवण येऊ शकते, पण धरणं आणि वाजवणं व्हायोलिनचंच. ते विशेषनाम आहे, तसंच ठेवावं. मंगोलियाच्या ‘द हू’ या बँडच्या मोरिन खूरला इंग्रजीत ‘हॉर्सहेड फिडल’ म्हणतात. तिथे ‘फिडल’चा अर्थ नुसता ‘गजाने वाजवायचं काहीतरी’ एवढाच उरतो. मराठीत ‘मोरिन खूर, टोकाला घोड्याचं डोकं कोरलेलं दोन तारांचं गजवाद्य’ असं एकदा लिहावं आणि पुढे नुसतं मोरिन खूर.

आणि ‘फोक मेटल’ला ‘लोकधातू’ करू नका, भांड्यांचं दुकान वाटतं.